सतरा हजार फुटांवर चेनची कुरकुर

मनाली गावातून बियास नदीच्या काठाने वर निघालेला रस्ता देवदारांच्या सावलीत शिरतो, तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पनाही येत नाही. डाव्या-उजव्या हाताला सफरचंदांच्या बागा, लाकडी घरे, थंड वारा. आणि त्या वाऱ्यात मिसळलेला मोटारसायकलींचा आवाज! जून उजाडला की देशाच्या कानाकोपऱ्यांतून मोटारसायकली मनालीत येऊन थडकतात. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथले क्रमांक असलेल्या गाड्याही त्यांत भरपूर. सर्वांचे ध्येय एकच : लेह.

मनाली ते लेह हे अंतर सुमारे सव्वाचारशे ते साडेचारशे किलोमीटर. मुंबईहून कोल्हापूर गाठण्यासारखेच की, असे नकाशा पाहून वाटते. पण या वाटेत सोळा हजार फुटांहून उंच अशा तीन खिंडी आहेत, बर्फाच्या पाण्याचे नाले आहेत आणि मैलोगणिक वस्ती नाही. इथे माणसाची परीक्षा होते, तशीच यंत्राचीही. यंत्रातही ती इंजिनाची जितकी होते, त्याहून अधिक एका दुर्लक्षित वस्तूची होते. ती वस्तू म्हणजे मागच्या चाकाला फिरवणारी चेन!

मनालीची गॅरेजे

मनालीत मोटारसायकली भाड्याने देणाऱ्यांची आणि दुरुस्ती करणाऱ्यांची दुकाने जागोजागी दिसतात. हंगामात ती रात्री उशिरापर्यंत गजबजलेली असतात. कोणी टायर बदलतो, कोणी सामानासाठी लोखंडी सांगाडा बसवून घेतो, कोणी क्लच आणि ब्रेकच्या जादा केबली खरेदी करतो. घरून निघण्यापूर्वीच आपली गाडी ‘पहाडी’ करून आणलेल्या हौशी तरुणांची संख्याही मोठी असते.

गाडी पहाडी करायची म्हणजे काय? बहुधा तीन गोष्टी. पहिली, मागचे शॉकअप अधिक लांबीचे बसवून गाडी उंच करणे, म्हणजे तळ दगडांना लागू नये. दुसरी, मागे अधिक रुंद, खोल नक्षीचा टायर घालणे. आणि तिसरी, चेन जिच्यावर फिरते ती पुढची दातेरी चकती, म्हणजे पुढचे स्प्रॉकेट, कमी दातांचे बसवणे.

या तिसऱ्या बदलामागे खरोखरच कारण आहे. या वाटेवरच्या सर्वांत उंच खिंडीत हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ निम्मा असतो. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते. २०२०नंतरच्या नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. ते हवेच्या मानाने पेट्रोलचे प्रमाण जुळवून घेते खरे. पण जी हवाच नाही ती कुठून आणणार? पुढचे स्प्रॉकेट लहान केले की वेग कमी होतो, पण चढ ओढण्याचा जोर वाढतो. सामान आणि मागे बसलेला जोडीदार घेऊन चढणाऱ्या गाडीला हा जोर हवाहवासा वाटतो.

पण यंत्रात एक गोष्ट बदलली की तिच्या शेजारची दुसरी आपोआप बदलते. नेमके हेच अनेकांच्या लक्षात येत नाही.

चिमटा आणि चेन

मोटारसायकलचे मागचे चाक ज्या दोन दांड्यांच्या मध्ये बसते, त्या भागाला स्विंगआर्म म्हणतात. गॅरेजमध्ये त्याचे नाव चिमटा. तो पुढच्या बाजूला एका बोल्टवर खिळलेला असतो आणि खड्ड्यातून जाताना चाकासकट वर-खाली हलतो. चेन या चिमट्याच्या एका दांड्याला जणू मिठी मारूनच फिरते. तिचा वरचा पदर दांड्याच्या वरून जातो आणि खालचा पदर खालून. या दोन पदरांत आणि लोखंडात अंतर असते ते बोटाच्या पेराएवढे किंवा त्याहूनही कमी. म्हणून गाडी बनवणारी कंपनी चिमट्याच्या पुढच्या टोकाला एक रबरी किंवा नायलॉनची पट्टी बसवून देते. तिला स्लायडर म्हणतात. चेन कधी टेकलीच तर ती या पट्टीला टेकावी, धातूला नव्हे.

आता पुढचे स्प्रॉकेट बदलून पाहा. ज्या चेनच्या दोन कड्यांमधले अंतर पाच-अष्टमांश इंच आहे, तिच्यासाठी सतरा दातांऐवजी पंधरा दातांची चकती बसवली, तर चेनचा वरचा पदर पुढच्या टोकाला सुमारे ५ मिलिमीटर खाली येतो. पाच मिलिमीटर म्हणजे फार नव्हे. पण जिथे मुळातच जागा अपुरी, तिथे तेवढे पुरेसे होते. त्यात शॉकअप लांब केले की चिमटा मागे अधिक उतरता होतो आणि त्याचे पुढचे टोक चेनच्या वाटेत येते. मग गाडी जोर लावून चढू लागली की ताणलेली चेन स्लायडरवर सतत दाबून घासत राहते. पट्टीला आधी खाच पडते, मग ती पट्टी कापली जाते, आणि त्यानंतर पोलादी चेन चिमट्याच्या धातूत करवतीसारखी उतरू लागते.

रुंद टायरची तऱ्हा वेगळी. त्याची कड चेनला लागू नये म्हणून काही ठिकाणी मागच्या स्प्रॉकेटखाली वॉशर घालून ते बाहेर सरकवले जाते. त्यामुळे पुढची आणि मागची चकती एका रेषेत राहत नाही. चेन तिरकी धावते आणि तिची बाजू चिमट्याच्या आतल्या अंगाला खरवडू लागते.

बोगद्यापलीकडचा लाहौल

मनालीहून लाहौल गाठायचा तर पूर्वी १३,०५० फुटांची रोहतांग खिंड ओलांडावी लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला आणि हे अंतर ४६ किलोमीटरने घटले. ९.०२ किलोमीटर लांबीचा हा बोगदा दहा हजार फुटांच्या उंचीवर आहे. आत शिरताना हिरवीगार कुलू दरी मागे राहते आणि बाहेर पडताच समोर दिसतात ते उघडे, करडे पहाड, त्यांच्या माथ्यावरच्या हिमनद्या आणि पायथ्याशी बटाटा-वाटाण्याची शेते. सिस्सूचा धबधबा दुरूनही नजर खिळवून ठेवतो.

चंद्रा नदीच्या सोबतीने जाणारा रस्ता तांदीला पोहोचतो. इथे चंद्रा आणि भागा यांचा संगम होतो आणि पुढे त्या चंद्रभागा म्हणून वाहतात. पंढरीच्या वाळवंटात नाव ऐकलेली चंद्रभागा इथे हिमालयात भेटली की मराठी प्रवासी हमखास थबकतो. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा. ही चंद्रभागा म्हणजे चिनाब. नाव एक, नद्या दोन!

तांदीचा पेट्रोल पंप आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध झाला. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारी त्याची पाटी वर्षानुवर्षे प्रवाशांच्या छायाचित्रांत झळकत आली आहे. पेट्रोलची चिंता त्या पाटीमुळे सर्वांनाच होते. पण पुढे चांगले गॅरेजही नाही, हे कोणतीही पाटी सांगत नाही.

म्हणूनच केलाँग किंवा जिस्पा इथला मुक्काम दुहेरी फायद्याचा. सुमारे दहा हजार फुटांच्या या गावांत रात्र काढली की शरीराला विरळ हवेची सवय होऊ लागते, आणि संध्याकाळचा तासभर गाडीला देता येतो. भागा नदीच्या काठी गाडी स्टँडवर लावून, इंजिन बंद करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून मागचे चाक हाताने सावकाश फिरवावे. इंजिन चालू ठेवून चेन साफ करण्याच्या खटाटोपात बोटे गमावण्याचा धोका असतो. ते कधीही करू नये.

काय पाहायचे? स्लायडरवर चेनची खाच किती खोल आहे. चिमट्यावर कुठे रंग उडून चकचकीत रेघ उमटली आहे काय. जवळपास करडी पूड साठली आहे काय. चेनच्या पट्ट्यांच्या कडा एकाच बाजूने घासून आरशासारख्या झाल्या आहेत काय. यांपैकी एकही खूण दिसली तर चेन नको तिथे टेकते आहे, हे नक्की. मनात शंका असेल तर एक साधी युक्ती आहे. चिमट्याच्या संशयित जागी चिकटपट्टीचा तुकडा लावावा, खडबडीत रस्त्यावर एखादा किलोमीटर फेरी मारावी आणि पट्टी पाहावी. ती फाटली असेल तर वेगळा पुरावा नको!

बारालाचा आणि गाटा लूप्स

दारचानंतर झाडे संपतात. दीपक ताल, पत्सेओ, झिंगझिंगबार अशी एकेक नावे मागे टाकत रस्ता बर्फाच्या भिंतींमधून सूरज तालपाशी येतो. निळेशार पाणी, काठावर बर्फ आणि अथांग शांतता. त्याच्याच वर सुमारे १६,००० फुटांवर बारालाचा खिंड आहे. चंद्रा आणि भागा या दोघींचाही उगम याच परिसरातला.

या टप्प्यातले नाले सकाळी शहाण्यासारखे वागतात आणि दुपारी ऊन चढून बर्फ वितळले की उधाणतात. म्हणून जाणते प्रवासी पहाटेच निघतात. नाल्याचे पाणी चेनवरचे तेल धुऊन नेते. पलीकडे पोहोचल्यावर चहाच्या तंबूत शिरण्याआधी चेन फडक्याने पुसून तिला थोडे तेल देणारा माणूस पुढे सुखाने प्रवास करतो.

सारचूला हिमाचल संपतो आणि लडाख सुरू होतो. त्यानंतर येतात ती गाटा लूप्सची २१ वळणे. एकावर एक रचलेली ही वळणे सुमारे दीड हजार फूट चढून जातात. वळणांपाशी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग लागलेले एक छोटेसे ठाणे आहे. सांगतात, की फार वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या तोंडावर इथे एक ट्रक बंद पडला. चालक मदत आणायला गेला, आजारी क्लीनर गाडीपाशी राहिला. बर्फ पडले, वाट बंद झाली आणि तो तहानेने व थंडीने मेला. तेव्हापासून येणारे-जाणारे त्याच्यासाठी पाणी ठेवतात. दंतकथेत खरे किती, हे कोण सांगणार? पण या वाटेवर गाडी बंद पडणे म्हणजे काय, हे लोकांनी त्या कथेत जपून ठेवले आहे.

चढताना ताणलेली चेन स्लायडर घासते, तर उतारावर तिचे वागणे उलटे होते. खिंडीतून उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा ब्रेक लावला की चेनचा खालचा पदर ताणला जातो आणि वरचा पदर सैल पडतो. मग प्रत्येक खड्ड्याला तो चिमट्यावर चाबकासारखा आपटतो. ही खडखड शहरात घरोघरी ओळखीची असते. चेनकव्हर असलेल्या जुन्या गाड्या ढिल्या चेनने असाच आवाज करीत. तिथे आवाजावर भागत असे. इथे सैल चेन दातांवरून निसटून चाकात अडकली, तर चाक जाम होऊ शकते. एका बाजूला दरी, मागे बसलेला जोडीदार आणि पाठीवर सामान! धोका किती मोठा, हे वेगळे सांगायला नको.

आवळणे हा उपाय नव्हे

चेन वाजते म्हटल्यावर सर्वांना एकच इलाज सुचतो : पाना घ्या आणि आवळा. ढिली चेन आवळलीच पाहिजे. पण घासण्याचे कारण लहान स्प्रॉकेट किंवा लांब शॉकअप असेल, तर आवळून ते घासणे थांबत नाही. उलट नवेच दुखणे मागे लागते. चिमटा वर-खाली होताना चेनला लागणारी लांबी थोडी बदलते. पुढच्या स्प्रॉकेटचे केंद्र, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. गाडी उभी असताना तिच्यात ढिलेपणा उरलाच नाही, तर भरल्या गाडीला खड्डा लागताच चेन तारेसारखी ताठ होते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर तो सारा ताण येतो. तुटलेली चेन इंजिनाचे कवचही फोडू शकते.

म्हणून ढिलेपणा किती ठेवायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. शहरी गाड्यांना तो साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो. उंच, पहाडी गाड्यांना अधिक लागतो. शॉकअप बदलले असतील तर पुस्तिकेतला आकडाही जसाच्या तसा लागू होत नाही. अशा वेळी जाणता मिस्त्री दोन माणसांना गाडीवर बसवून, वरील तीन बिंदू एका रेषेत आणून, तिथेही चेनमध्ये थोडी ढिलाई उरते काय ते पाहतो.

खरा उपाय मुळाशीच आहे. झिजलेला स्लायडर प्रवासाआधी बदलावा; त्याची किंमत चिमट्याच्या मानाने किरकोळ असते. शक्यतो कंपनीने दिलेल्या दातांचीच स्प्रॉकेटे आणि त्याच लांबीचे शॉकअप ठेवावेत. चढासाठी जोर हवाच असेल, तर पुढची चकती लहान करण्याऐवजी मागची एक-दोन दातांनी मोठी करता येते. त्याने वरचा पदर खाली येण्याऐवजी मागे थोडा वर उचलला जातो. मात्र त्यासाठी चेनची लांबी पुरते की नाही, हे आधी पाहावे लागते. चिमट्याभोवती ट्यूबचा तुकडा गुंडाळून तारेने बांधणे ही केवळ तात्पुरती मलमपट्टी. पुढच्या मुक्कामापर्यंत ती कामी येते. तिच्या भरवशावर लेह गाठू नये.

आणि धातूत खाच पडलीच असेल तर? वरवरचा रंग गेला असेल तर तो पुन्हा लावावा, म्हणजे गंज चढणार नाही. खाच खोल असेल, विशेषतः ॲल्युमिनियमचा चिमटा असेल किंवा वेल्डिंगच्या सांध्याजवळ चीर दिसत असेल, तर चिमटा बदलणेच शहाणपणाचे.

मोरे मैदान ते सिंधूकाठ

नकीला आणि लाचुलुंगला या खिंडी ओलांडून, वाऱ्याने कोरलेल्या मातीच्या सुळक्यांमधून रस्ता पांगला उतरतो. तिथल्या तंबूंत गरम मॅगी आणि चहा मिळतो. थोडा चढ चढला की अचानक समोर उघडते ते मोरे मैदान. सुमारे पंधरा हजार फुटांवर चाळीसेक किलोमीटर सरळसोट सपाटी! दूरवर चांगपांचे तंबू, याक आणि शेळ्या-मेंढ्यांचे कळप. इथे वारा धूळ उडवत राहतो. चेनला तेल चोपडले असेल तर ती धूळ त्यात बसते आणि तेलाचा खरकागद होतो. म्हणून तेल थोडेच द्यावे, चेन कोमट असताना खालच्या पदराच्या आतल्या बाजूने द्यावे आणि वरचे पुसून टाकावे. आत रबरी कड्या असलेल्या चेनला पेट्रोलने धुऊ नये; रॉकेलचे फडके पुरते.

मैदानाच्या टोकाला तांगलांगला, सुमारे १७,४८० फूट. प्रार्थनापताकांच्या फडफडाटात दहा मिनिटे थांबावे, छायाचित्र काढावे आणि उतरू लागावे. इतक्या उंचीवर अधिक रेंगाळणे बरे नव्हे. रुमत्से, ग्या या गावांत पुन्हा हिरवी शेते, पांढरे स्तूप दिसू लागतात. जांभळ्या-तांबड्या खडकांची घळ ओलांडून रस्ता उपशीला सिंधूच्या काठी येतो. नंतर कारू, बारा मजल्यांसारखा डोंगरावर चढत गेलेला ठिकसे गोंपा, शेचा जुना राजवाडा, आणि अखेर लेह!

लेहला पोहोचलेला प्रवासी आधी गरम पाणी मागतो. गाडीच्या चेनलाही त्याच दिवशी फडके आणि तेल मिळाले पाहिजे, कारण खारदुंगला आणि पँगाँग अजून बाकी असतात, शिवाय परतीची वाटही.

निघण्यापूर्वी

रस्ता साधारण मेअखेर-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खुला असतो. वाटेत किमान दोन मुक्काम करावेत. गाडीचे मागचे चाक पंक्चरसाठी काढले असेल, तर ते परत बसवल्यावर ॲक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का ते पाहावे. सरळ दोरी लावूनही चाकांची रेषा तपासता येते. मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून चेन ओढून पाहावी. अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटे एकदमच बदलावीत. सोबत एक जादा चेनलॉक, ॲक्सलचा पाना, तेलाची लहान बाटली आणि जुने फडके असावे. दिसायला रुबाबदार म्हणून साडीगार्ड काढून टाकू नये. मागच्या चाकाला किमान निम्मा आडोसा असणे नियमानेही आवश्यक आहे, आणि मागे बसणारीची ओढणी नियमाची वाट पाहत नाही.

मुलगा किंवा मुलगी लेहला निघते, तेव्हा घरातून प्रश्नांचा भडिमार होतो. स्वेटर घेतलास का? औषधे घेतलीस का? पैसे पुरतील का? त्यांत आणखी एकाची भर घालायला हरकत नाही : चेनचा रबर बदललास का? प्रश्न ऐकून मुले हसतील. पण गाटा लूप्सच्या एकविसाव्या वळणावर, जिथे हाक मारायलाही कोणी नसते, तिथे तो प्रश्न त्यांना घरच्या डब्याइतकाच उपयोगी पडलेला असेल.